पुरणें आणि पेरणें

(जुबिली-उत्सवानिमित्त पॅरिशच्या तरुण मंडळापुढें रत्नागिरी येथें दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या उत्सवांत व्याख्यान म्हटलें म्हणजे एखाद्या संताचें चरित्र, देवळाचा इतिहास किंवा कुटुंबप्रार्थनेचें महत्त्व असल्या विषयाची श्रोत्यांस अपेक्षा असते. मंडळाच्या चिटणीसांनीं विषयाची निवड माझ्यावर सोंपविली, आणि मीं 'फुटबॉल' असें सांगतांच त्यांचा चेहरा क्षणभर जो झाला तो मला अजून आठवतो. परंतु हा विषय मीं केवळ मौजेखातर घेतलेला नाहीं. आपल्या तरुणांच्या संघास जे गृहस्थ शिकवितात त्यांच्याविषयीं गेल्या पावसाळ्यापासून पॅरिशमध्यें जी कुजबुज चालली आहे ती माझ्याही कानीं आली आहे. संघ सहसा हरत नाहीं हें खरें, पण खेळ पाहावासा वाटत नाहीं, तेव्हां शिक्षक बदला, असें कांहींचें म्हणणें आहे. आहे तो संघ मोडूं नका, असें इतरांचें म्हणणें आहे. ह्या वादांत निकाल देण्यास मी उभा राहिलों नाहीं. तो अधिकारही माझा नव्हे. परंतु अगदीं ह्याच जातीचा एक वाद मीं मुंबईस नोकरीनिमित्त राहत असतां डोळ्यांनीं पाहिला, त्यांत एका बाजूनें मोठ्या आवेशानें बोललों, आणि पुढें माझी चूक माझ्याच पदरांत पडली. ती हकीकत आपणांस सांगावी व तिजपासून मीं काय शिकलों तें आपणांपुढें ठेवावें, एवढाच माझा हेतु आहे.

प्रारंभींच एक शंका दूर करतों. देवळाच्या उत्सवांत चेंडूचें काय काम, असें कोणी म्हणेल. तर गोव्यांत फुटबॉलचें बीं रुजविण्याचें श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या धर्मगुरूंस दिलें जातें. इ. स. १८८३ मध्यें बार्देशांतील शिवोली ह्या गांवीं त्यांनीं मुलांस हा खेळ शिकविला. तेव्हांपासून गोव्याच्या गांवोगांवीं देवळापुढील पटांगण आणि फुटबॉल हीं जणूं एकाच घरचीं होऊन गेलीं. संध्याकाळची प्रार्थनेची घंटा होईपर्यंत खेळावें आणि घंटा झाली कीं क्रूसाची खूण करून घरीं जावें, हा क्रम आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींनींही लहानपणीं पाळलेला आहे. तेव्हां ह्या विषयानें उत्सवास उणेपणा येईल असें मला वाटत नाहीं.

आतां मुख्य हकीकतीकडे वळूं.

इ. स. २००७ मध्यें मुंबईंत 'मुंबई एफ. सी.' ह्या नांवाचा एक व्यावसायिक संघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं दुय्यम वर्गांत पहिला येऊन तो 'आय-लीग' ह्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या वरच्या वर्गांत दाखल झाला. त्याचे पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ नांवाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांच्यामागून २००९ सालीं ती जबाबदारी खालिद जमील ह्यांच्याकडे आली. कुवेतमध्यें जन्मलेले जमील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटीं ह्याच मुंबई संघाकडून मधल्या फळींत खेळलेले. दुखापतींनीं त्यांचें खेळणें लवकर आटोपलें, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते कालच्या सोबत्यांचे शिक्षक झाले. सात वर्षें ते त्या जागीं राहिले.

ज्यांस साखळी स्पर्धेचा परिचय नाहीं अशा भगिनींसाठीं व वृद्धांसाठीं दोन शब्द सांगतों. अशा स्पर्धेंत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो, एकदां आपल्या मैदानावर व एकदां परक्या. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. सर्वांत अधिक गुणांचा तो विजेता. आणि तळाशीं जो राहील त्यास खालच्या वर्गांत उतरावें लागतें. हें उतरणें म्हणजे नुसती मानहानि नव्हे. पैसा पुरविणारे हात आंखडतात, चांगले खेळाडू दुसरीकडे जातात, प्रेक्षक घरीं बसतात, आणि पुष्कळदां संघच नाहींसा होतो. म्हणून विजेतेपदाचें स्वप्न ज्यांस परवडत नाहीं अशा संघांची खरी लढाई तळाशीं चाललेली असते, आणि ती वरच्या लढाईहून कमी निकराची नसते.

मुंबईचा हा संघ असल्याच गरीब संघांपैकीं होता. एका बाजूस कलकत्त्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल, दुसऱ्या बाजूस गोव्याचे धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स. त्यांच्या मानानें मुंबईचा खर्च बेताचा. कांहीं मोसम तर कूपरेजचें मैदान दुरुस्तींत असल्यामुळें 'घरचा' सामना म्हणून पुण्यास बालेवाडीला जाऊन खेळावें लागलें. अशा स्थितींत जमील ह्यांनीं जी पद्धति स्वीकारली ती थोडक्यांत अशी: मागची फळी दाट ठेवावयाची, दोन फळ्यांमधलें अंतर वाढूं द्यावयाचें नाहीं, चेंडू आपल्या गोलापाशीं फार वेळ घोळवावयाचा नाहीं, तर लांब फेंकून द्यावयाचा, आणि प्रतिपक्ष पुढें सरसावून उघडा पडला म्हणजे एखादी धांव, एखादा कोपऱ्याचा फटका, एखादा फ्री-किक साधून गोल करावयाचा. ह्यांत लालित्य थोडें, शिस्त फार.

कूपरेजच्या बांकांवर बसणाऱ्या आम्हां प्रेक्षकांत ह्या पद्धतीवरून नेहमीं वाद होई. एक वर्ग म्हणे, हा मनुष्य फुटबॉल शिकवीत नाहीं, भिंत बांधावयास शिकवितो. तिकीट काढून आम्हीं भिंत पाहावयास यावें काय? दुसरा वर्ग उत्तर करी, भिंत आहे म्हणून घर आहे. गतसालीं ह्या वेळीं किती संघ आपल्या खालीं होते तें मोजा. तिसरा वर्ग वादांत न पडतां उरलेल्या सामन्यांची यादी खिशांतून काढून कोणत्या सामन्यांत किती गुण मिळतील ह्याचा हिशेब मांडीत बसे. मी पहिल्या वर्गांतला. मला धेंपोचा खेळ ठाऊक होता. आर्मांदो कुलासो ह्यांच्या हाताखालीं त्या गोमंतकीय संघानें २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशीं पांच राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं, आणि तींही चेंडू पायापायांतून खेळवीत, पुढें चाल करीत. तो खेळ ज्यानें पाहिला त्यास आमच्या संघाचें लांब फेंकणें कसें रुचावें?

माझ्या पक्षाच्या समर्थनार्थ मी शुभवर्तमानाचा आधार घेत असें, हें सांगतांना आतां मला संकोच वाटतो. धन्यानें चाकरांस वांटून दिलेल्या धनाचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. ज्यानें भीतीनें आपला वांटा जमिनींत पुरून ठेवला आणि जसाच्या तसा परत केला, त्याची धन्यानें कशी निर्भर्त्सना केली! मी शेजाऱ्यांस म्हणत असें कीं, आमचे प्रशिक्षक तेंच करीत आहेत. हातीं आलेल्या तरुणांचे गुण ते मातींत पुरीत आहेत. दर वर्षीं संघ जसाच्या तसा परत करतात आणि त्यासच यश म्हणतात. शेजाऱ्यांपैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं मला एकदां एवढेंच विचारलें, "शेतकरी बीं कोठें ठेवतो हो?" तेव्हां मला त्या प्रश्नाचा रोंख कळला नाहीं.

आतां त्या हिशेबी मंडळींच्या कागदाकडे थोडें पाहूं, कारण त्यांत सत्याचा अंश होता आणि भ्रमाचाही. दहा संघांच्या स्पर्धेंत प्रत्येकास अठरा सामने. समजा, एका संघानें अठराही सामने बरोबरींत सोडविले; त्यास १८ गुण मिळतील. दुसऱ्यानें सहा सामने जिंकले व बारा हरले. त्यासही १८ च गुण. म्हणजे नुसती बरोबरी म्हणजे सुरक्षितता, ही समजूत खोटी आहे. केवळ बचाव करणारा संघ कागदावर तरी वाचत नाहीं; कधींतरी पुढें जाऊन जिंकावेंच लागतें. मग बचावाचा उपयोग काय? उपयोग असा कीं, दुबळ्या संघास सहा विजय मिळविण्याची संधि शेवटपर्यंत राहावी म्हणून त्यानें मधल्या काळांत मोडून पडूं नये. ज्या संघाचे आज चार आणि उद्यां पांच गोल होतात, त्याची मनेंच खचतात. आणि मन खचलेल्या संघास समोर आलेली संधि दिसत नाहीं. बचाव हा विजयाला पर्याय नव्हे, विजयाची वाट पाहण्याचें तें बळ आहे. हें त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें, आणि मलाही सुचलें नव्हतें.

उलट बाजूचा धडा आम्हांस २०१५ सालीं मिळावयास हवा होता. ज्या धेंपोचें मी एवढें कौतुक करीत असें, पांच वेळां देशाचा विजेता झालेला तोच संघ त्या वर्षीं खालच्या वर्गांत उतरला. कुलासो त्यापूर्वींच तेथून गेलेले होते. ज्या संघाच्या पायीं एवढा खेळ, तो उतरला; आणि आमचा भिंतीचा संघ मात्र वर राहिला. मीं मनाची समजूत घातली कीं तो एक अपघात होता.

२०१६ सालीं जमील ह्यांस निरोप मिळाला. सात मोसमांत त्यांनीं संघास एकदांही खालीं उतरूं दिलें नव्हतें. पण संघास नवें वळण हवें, मोठी महत्त्वाकांक्षा हवी, असें बोललें जाई. खरें सांगतों, मला आनंद झाला. आतां कूपरेजवर खेळ दिसेल, असें मीं चार मित्रांस आनंदानें कळविलें.

पुढें काय झालें तें ऐका. जमील दूर मिझोराम प्रांतांत ऐझॉल एफ. सी. ह्या संघाकडे गेले. हा संघ २०१६ सालीं स्वतःच खालीं उतरलेला होता; परंतु गोव्याच्या संघांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतल्यामुळें त्यास पुन्हा वर घेण्यांत आलें. डोंगरावरचें लहान शहर, पैका थोडा. आमच्या मुंबई संघांतून जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे तरुण जमील ह्यांच्यामागून तेथें गेले. मिझोराम हा बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचा प्रांत. शिक्षक मुसलमान, हे दोघे मुंबईचे, कोणी सीरिया देशाचा, कोणी लायबेरियाचा, आणि बाकीचीं मुलें तेथल्याच मातीचीं. अशा ह्या मेळ्यानें २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉल येथें मोहन बागानसारख्या बलाढ्य संघास एक विरुद्ध शून्य असें हरविलें; आणि रविवार, ३० एप्रिल रोजीं शिलाँग येथें लाजाँग संघाशीं शेवटचा सामना एक-एक असा बरोबरींत सोडवून ३७ गुणांनीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. मोहन बागानचे गुण ३६. ईशान्येकडील कोणत्याही संघास तोंपर्यंत हा मान मिळालेला नव्हता. पहा, विजेतेपद पदरांत पडलें तें अखेर एका बरोबरीनें. ज्या बरोबरीस मी कूपरेजवर नाक मुरडीत असें तिनेंच.

आणि मुंबई? त्याच मोसमांत मुंबईनें आरंभींचा प्रशिक्षक मध्येंच बदलला, आणि तरीही ती अगदीं तळाशीं राहिली. संघ खालच्या वर्गांत उतरला आणि त्यानंतर तो बंदच झाला. कूपरेजच्या ज्या बांकावरून मी भिंतीस हंसलों होतों, त्या बांकावर बसून पाहावयास आतां तो संघच उरला नाहीं. त्या एप्रिलच्या अखेरीस मला त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न आठवला. धन पुरणारा चाकर आणि बीं पेरणारा शेतकरी, दोघेही आपल्या हातांतली वस्तु मातींतच घालतात. बांधावर उभ्या असलेल्या मनुष्यास दोघांचें कृत्य सारखेंच दिसतें. भेद आहे तो हेतूंत, आणि तो कळतो काळानें.

बंधुभगिनींनो, येथें मला सावधपणें बोललें पाहिजे. नाहींतर एका अतिरेकांतून दुसऱ्यांत जाणें होईल. जमील राहिले असते तर मुंबई वांचलीच असती, असें मी म्हणत नाहीं. तें सिद्ध करतां येणार नाहीं. ते गेले तेव्हां त्यांच्याबरोबर खेळाडूही गेले, आणि संघाच्या नशिबीं इतरही कारणें असतील. शिवाय प्रत्येक क्षेत्रांत त्यांस यशच आलें असें नाहीं. ऐझॉलनंतर कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे त्यांस राष्ट्रीय विजेतेपद मिळालें नाहीं. जमशेदपूरच्या संघास त्यांनीं २०२५ मध्यें सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलें, तेथें गोव्याच्या संघाकडून तो हरला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. सप्टेंबरांत मध्य आशियाच्या स्पर्धेंत ओमानला पेनल्टींवर हरवून भारतानें तिसरें स्थान मिळविलें. आणि ऑक्टोबरांत मडगांवास सिंगापुराकडून दोन विरुद्ध एक अशी हार होऊन आशियाई स्पर्धेचें दार बंद झालें. तेव्हां पुन्हा तोच जुना वाद देशभर पेटला. म्हणजे ह्या पद्धतीस मर्यादा आहेत, आणि त्या दाखविणें हा प्रेक्षकाचा हक्क आहे. माझें पाप टीका करण्यांत नव्हतें. माझें पाप हें कीं, त्या मनुष्याच्या हातीं काय दिलेलें होतें तें मीं कधीं विचारलेंच नाहीं.

मग कोणाही शिक्षकाची पारख करावी कशी? माझ्या अल्प बुद्धीस तीन प्रश्न सुचतात. पहिला: त्याच्या हातीं काय दिलें होतें? दृष्टांतांतील धन्यानेंही सर्व चाकरांस सारखें दिलें नव्हतें, आणि ज्यास दोन दिले त्याजकडून पांचांचा हिशेब मागितला नाहीं. दुसरा: तो जे शिष्य घडवितो ते त्याच्या मैदानाबाहेर कसे उभे राहतात? राणे आणि मेहता हे मुंबईस भिंतीच्या विटा वाटत; ऐझॉलमध्यें तेच राष्ट्रीय विजेते ठरले. वीट पुरलेली असती तर ती तशी उगवती ना. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण: तो राखतो तें भीतीनें, कीं पुढच्या कांहीं आशेनें? ह्याचें उत्तर बांधावरून मिळत नाहीं. जवळ जाऊन, त्यासच विचारून मिळतें. मीं सात वर्षें बांकावरून ओरडलों, एकदांही कोणास कांहीं विचारलें नाहीं.

आतां हें सर्व मी फुटबॉलपुरतें बोलत नाहीं, हें आपण ओळखलें असेलच. आपला समाज ह्या जिल्ह्यांत मूठभर आहे. आपलीं मुलें शिकून मुंबईस, पुण्यास, आखाती देशांत जातात. मे महिन्यांत आणि नाताळांत देऊळ भरतें, आणि पावसाळ्याच्या एखाद्या रविवारीं गायनवृंदांत चारच आवाज असतात. अशा पॅरिशचें काम करणाऱ्यावर, मग ते फादर असोत, धर्मशिक्षण देणारी भगिनी असो, गायनवृंदाचा प्रमुख असो कीं मुलांच्या संघाचा शिक्षक असो, आपण किती लवकर शिक्का मारतों! ह्यांच्या काळांत नवें कांहीं झालें नाहीं. ह्यांनीं फक्त होतें तें चालविलें. फक्त! चार आवाजांवर पंधरा वर्षें मिस्साचें गायन अखंड चालविणें ही 'फक्त' गोष्ट आहे काय? ही जुबिली आज आपण साजरी करतों ती कोणा एकाच्या पराक्रमामुळें नव्हे. ज्यांची नांवें ह्या पुस्तिकेंत कोठेंही छापलेलीं नाहींत, अशा कित्येकांनीं कठीण मोसमांत हें घर खालीं उतरूं दिलें नाहीं, म्हणून.

परंतु त्याच दमांत काम करणारांसही सांगितलें पाहिजे: टिकविणें हेंच जर शेवटचें ध्येय झालें, तर आपण पेरणारे न राहतां पुरणारे होऊं. अठरा बरोबऱ्यांनीं संघ वाचत नाहीं. केव्हांतरी पुढें धांवावें लागतें, तरुणांच्या पायीं चेंडू द्यावा लागतो, गोल होण्याचा धोका पत्करावा लागतो. अंजिराच्या झाडाच्या दृष्टांतांत माळ्यानें आणखी एक वर्षाची मुदत मागितली खरी, पण त्याच वेळीं झाडाभोंवतीं खणण्याचें आणि खत घालण्याचें वचनही दिलें. मुदत मागणारानें फावडें हातीं घेतलेंच पाहिजे, आणि मुदत देणारानें तें फावडें चालतें आहे कीं नाहीं हें जाऊन पाहिलें पाहिजे.

आपण रत्नागिरीकर, आपणांस अंजिरापेक्षां आंबा जवळचा. हापूसचें नवें कलम लावल्यावर पहिलीं दोनतीन वर्षें त्यास मोहोर आला तर जाणता बागाईतदार तो खुडून टाकतो. कारण झाडानें आधीं मूळ धरावें, खोड धरावें, मग फळ धरावें. रस्त्यानें जाणाऱ्यास वाटतें, हा वेडा हातचा मोहोर कां तोडतो? पण दहा वर्षांनंतरही जर कोणी मोहोर खुडीतच राहील, तर तो बागाईतदार नव्हे. कोणतें वर्ष खुडण्याचें आणि कोणतें धरूं देण्याचें, एवढें कळणें ह्यांतच सारें शहाणपण आहे.

म्हणून तरुण मंडळास माझी विनंति एवढीच: आपल्या शिक्षकांविषयीं ठराव करण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर मैदानावर घालवा. त्यांच्या हातीं आपण किती मुलें दिलीं, किती चेंडू दिले, सरावास किती दिवस दिले, तें आधीं मोजा. मग त्यांस आदरानें विचारा कीं, आपण काय राखीत आहां आणि कशासाठीं. त्यांचें उत्तर ऐकून मग काय तें ठरवा. बदल करणें योग्य वाटल्यास तोही आभार मानून करा. मीं कूपरेजवर हा प्रश्न विचारला नाहीं, आणि विचारावासा वाटला तेव्हां विचारण्यास तेथें कोणी उरलें नव्हतें.

 ज्या धन्यानें आपणां सर्वांच्या हातीं थोडें थोडें दिलें आहे, तो आपणांस तें पेरण्याची बुद्धि आणि उगवेपर्यंत वाट पाहण्याचा धीर देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.